दोन तिकिटांचं पत्र

१

शनिवारी दुपारी सोनूबाई चौदा नंबरच्या चौकटीपुढे उभ्या राहिल्या, काचेला नाक टेकेल इतक्या पुढे वाकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "यो माजा लिफाफा नाय."

मुलुंडच्या त्या सभागृहात तिकीट संग्राहक मंडळाचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरलं होतं. आपापल्या चौकटीपुढे हौशी मंडळी भिंग डोळ्याला लावून उभी होती. वेसाव्याच्या कोळीवाड्यातून आलेल्या पंचाहत्तरीच्या म्हातारीकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष गेलं ते जयंतीबाईंचं.

जयंतीबाई त्या प्रदर्शनाच्या परीक्षक होत्या, आणि खरं सांगायचं तर तिकिटांचा छंद त्यांना काडीचाही नव्हता. टपाल खात्यात एकोणचाळीस वर्षं काढून पोस्टमास्तरीण म्हणून निवृत्त झालेली बाई, म्हणून मंडळानं त्यांना मानानं बोलावलं होतं. तिकीट हे पत्राला लावायचं असतं, काचेत ठेवायचं नसतं, हे त्यांचं ठाम मत होतं. ते त्या भेटेल त्याला ऐकवत.

"आजी, असं काय म्हणतेस? अक्षर तर आजोबांचंच आहे," सोनूबाईंची नात कल्पिता म्हणाली. पण तीही काचेजवळ गेली आणि तिचा चेहरा उतरला.

तो लिफाफा म्हणजे सोनूबाईंकडे उरलेला नवऱ्याचा एकमेव हस्तस्पर्श. चंदर एकाहत्तर सालच्या डिसेंबरात एका होडीवर रत्नागिरीकडे गेला, तिथून त्यानं पत्र टाकलं, आणि त्यानंतर ती होडी परत आली नाही. पदरात सहा महिन्यांचं पोर होतं. आतलं पत्र दोन हजार पाचच्या महापुरात गेलं, लिफाफा तेवढा पत्र्याच्या डब्यात वाचला. त्यावरचं तिकीट होतं त्याच वर्षी सप्टेंबरात निघालेलं वीस पैशांचं 'भारतीय मच्छिमार' हे स्मारक तिकीट, त्यावर शीड ताणलेली होडी. लिफाफ्याच्या मागच्या बाजूला चंदरनं पेन्सिलीनं तीच होडी काढली होती आणि खाली लिहिलं होतं, 'तिकिटावरची होडी मी काढलेली आहे, सोनू.'

आता गंमत अशी, की तिकिटासोबत खात्यानं जे माहितीपत्रक काढलं होतं, त्यात चित्रकार म्हणून नाव होतं भाऊ नाबर यांचं. हे भाऊ आज पंच्याऐंशीचे, घाटकोपरला राहणारे. उद्या, रविवारी पाच वाजता, त्याच तिकिटासाठी मंडळ त्यांचा सत्कार करणार होतं. ते वाचूनच कल्पितानं लिफाफा प्रदर्शनाला दिला होता. अर्जात तिनं स्वच्छ लिहिलं होतं, की ही होडी माझ्या आजोबांची आहे आणि पुरावा मागच्या बाजूला आहे.

"मुकुल, ही चौकट उघड," जयंतीबाई म्हणाल्या.

मुकुल मंडळाचा चिटणीस. पवईच्या एका कंपनीत नोकरी, आणि बाकीचा सगळा जीव पक्ष्यांच्या तिकिटांत. त्यानं किल्ली लावली, लिफाफा चिमट्यानं उचलला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

२

"मला वाटलंच होतं," असं म्हणणारं माणूस प्रत्येक संकटात एक तरी असतंच. इथे ते यज्ञेश होते. बोरिवलीचे जुने संग्राहक, संस्थानी तिकिटांतले जाणकार, जिभेला हाड नसलेले. त्यांनी भिंग लावून शिक्का पाहिला आणि मान हलवली.

"तिकीट अस्सल आहे, वापरलेलं आहे. पण शिक्क्याचा फक्त तिकिटावरचा भाग खरा. लिफाफ्यावरचा उरलेला गोल कुणीतरी कुंचल्यानं पुरा केलाय. हात चांगला आहे, पण बनावट ती बनावट. ए पोरी, कुणी करून दिलं हे?"

"मी दिला तो हा नाहीच," कल्पिता म्हणाली.

"मग मागचं चित्र कुठे आहे?" हे विचारलं रेवतीनं. रेवती भाऊ नाबरांची मुलगी, पन्नाशीची, शाळेत चित्रकला शिकवणारी. चौकटीत लिफाफे लावायचं काम तिच्याकडे होतं. "तू अर्जात मागच्या बाजूची झेरॉक्स शेजारी लावा असं लिहिलं होतंस. मी पाकीट फोडलं तेव्हा मागे काहीच नव्हतं. झेरॉक्स कशाची लावू?"

"दीदी, मी खोटं कशाला बोलू? फोटो काढून ठेवायचं सुचलं नाही मला, एवढंच."

"ते मला कसं माहीत असणार?" रेवतीचा आवाज चढला नाही. "माझे वडील पंच्याऐंशीचे आहेत. ऐन सत्काराच्या वेळी कुणीतरी उठतं आणि म्हणतं चित्र आमचं. आणि पुरावा म्हणून हे."

मुकुलनं घाम पुसला. "हे बघ कल्पिता, मंडळाचं नाव आहे यार. बनावट वस्तू दिली असं ठरलं तर मला सगळ्या मंडळांना तुझ्या नावानं लेखी कळवावं लागेल. नियमच आहे ना."

कल्पिता ओठ चावत उभी राहिली. ती एका बँकेत नव्यानं लागली होती. तिच्या नावावर 'बनावट' असा शब्द चिकटला तर तो सहजी पुसला जाणार नव्हता. पण सोनूबाईंना त्यातलं काही ऐकूच येत नसावं. त्या आपल्या बोटांनी हवेत दोन चौकोन दाखवत होत्या.

"त्याव दोन तिकटा व्हती," त्या म्हणाल्या. "येक मोठा, होडीचा. येक बारका."

"आजी, तेव्हा साध्या पत्राला वीस पैसे लागायचे," यज्ञेश समजावणीच्या सुरात म्हणाले. "वीसचं एक लावलं की काम झालं. दुसरं कशाला लावतंय कोण?"

कल्पिता सोडून बाकी सगळ्यांनी माना हलवल्या. वयाला मान द्यायचा आणि बोलण्याकडे कानाडोळा करायचा, ही आपली जुनीच रीत.

जयंतीबाईंनी मात्र हातातलं गुणपत्रक मिटलं. त्यांना एकविसाव्या वर्षी नोकरी लागली ती एकाहत्तरच्या नोव्हेंबरात, आणि खिडकीवर बसताच पहिल्या दिवसापासून लोकांच्या शिव्या खायचं काम आलं. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. त्यांच्या मदतीसाठी सरकारनं नोव्हेंबरच्या मध्यापासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं एक जादा तिकीट सक्तीचं केलं होतं. दीडएक वर्ष ते चाललं. "बाई, वीसचं लावलंय ना, मग हे पाच कशाला?" हा प्रश्न त्यांनी दिवसाला शंभरदा ऐकला होता.

"सोनूबाई बरोबर सांगताहेत," त्या म्हणाल्या. "डिसेंबर एकाहत्तरचं पत्र आहे ना हे? मग वीसच्या शेजारी निर्वासितांच्या मदतीचं पाचाचं बारकं तिकीट हवंच. नसलं तर पत्र नॉटपेड व्हायचं, तसा शिक्का बसायचा, आणि पोस्टमन घेणाऱ्याच्या दारात जादा पैसे मागायचा. इथे ना तिकीट, ना नॉटपेडचा शिक्का. एखादं पत्र नजरेतून सुटलं असेल, नाही म्हणत नाही. पण ज्या बाईला वाचता येत नाही ती पन्नास वर्षांनी दोन तिकिटं म्हणते, तेव्हा ती पाहिलेलंच सांगते."

यज्ञेशांनी भिंग खाली केलं. संस्थानी तिकिटांच्या पलीकडचं हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पण हार मानतील तर ते यज्ञेश कसले?

"म्हणजे हे बनावट आहे, हे तुम्हीही मानता," ते म्हणाले. "मग बनवलं आणणारीनंच. दुसरं कोण?"

३

जयंतीबाईंनी मुकुलकडून उद्या पाचपर्यंतची मुदत मागून घेतली. मग त्या सभागृहाच्या मागच्या खोलीत चहाचा पेला घेऊन बसल्या आणि एकेकाला बोलावलं. पोस्टात गहाळ झालेल्या रजिस्टर पत्राचा माग काढायची एकच पद्धत असते. ते कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेलं, हे क्रमानं विचारायचं, आणि समोरचा बोलत असताना आपण बोलायचं नाही.

कल्पितानं गेल्या रविवारी लिफाफा पाकिटात घालून, चिकटपट्टीनं बंद करून, बोरिवलीला यज्ञेशांच्या घरी दिला होता. पश्चिमेकडच्या सगळ्यांचे नमुने तेच गोळा करत.

"चार दिवस माझ्याकडे होता, नाही कशाला म्हणू?" यज्ञेश म्हणाले. "तिनं फोन केला तेव्हा मी विकत मागितलाही होता. नाही म्हणाली. तिथे विषय संपला."

"पाकीट उघडून पाहिलंत?"

"बाई, बंद पाकीट दुसऱ्याचं असतं. तुम्ही पोस्टातल्या, तुम्हाला सांगायला हवं का?"

हे उत्तर जयंतीबाईंना आवडलं. पण आवडलेलं उत्तर खरं असतंच असं नाही, हेही त्यांना माहीत होतं.

गुरुवारी यज्ञेशांनी सगळी पाकिटं मुकुलला पवईत नेऊन दिली. एक रात्र ती मुकुलच्या कपाटात होती. "मी कशाला उघडू काकू? माझी आधीच वाट लागली होती," मुकुल म्हणाला. "अर्ज तर सगळ्यांनीच वाचला होता. दहा दिवसांपूर्वी समितीच्या ग्रुपवर टाकला ना मी. खरं सांगू? पत्रिका छापून झाल्या होत्या. भाऊंचा सत्कार रद्द करावा लागेल अशी धास्ती मला होती. म्हणून काय मी लिफाफा बदलीन?"

"अर्ज दाखव."

अर्ज कल्पिताच्या हातचा होता. तिकीट, मच्छिमार, वीस पैसे. शिक्का, रत्नागिरी, डिसेंबर १९७१. पुढे आजीचं नाव आणि पत्ता, आजोबांच्या अक्षरात. मागे पेन्सिलीचं चित्र आणि एक ओळ. बारक्या तिकिटाचा उल्लेख नव्हता. नमुना मच्छिमार तिकिटाचा, म्हणून कल्पितानं तेवढंच लिहिलं होतं.

शेवटी रेवती आली. शुक्रवारी सकाळी मुकुलनं तिच्या हातात पाकिटं दिली आणि तो शेजारच्या खोलीत खुर्च्या मोजायला गेला. अर्ध्या तासात तिनं दहा चौकटी लावून त्याच्याकडून कुलूप लावून घेतलं.

"अर्धा तास, मॅडम," रेवती म्हणाली. "जुना लिफाफा शोधायचा, अक्षर गिरवायचं, शिक्का रंगवायचा. मी चित्रकार आहे, जादूगार नाही. त्यांच्याकडे तर चार-चार दिवस होता."

बोलणं बिनतोड होतं. चार दिवस ज्याच्या हातात, संशय त्याच्यावर. एक रात्र ज्याच्या हातात, थोडा त्याच्यावर. अर्धा तास जिच्या हातात, ती सुटली. मुकुललाही ते पटलं होतं, यज्ञेश तर त्यामुळेच अस्वस्थ होते.

जयंतीबाई उठल्या आणि त्यांनी तो बनावट लिफाफा पुन्हा एकदा पाहिला. पत्त्याच्या शेवटच्या ओळीखाली एक रेघ होती. सरळ नव्हे, लाटेसारखी वरखाली होत गेलेली. असली रेघ त्यांनी कुठल्याच पत्रावर पाहिली नव्हती.

४

रविवारी सकाळी जयंतीबाई वेसाव्याला गेल्या. गल्लीच्या तोंडाशी बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि सोनूबाई उन्हाला पाठ देऊन सुकट निवडत बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी बोटं कचरा अचूक वेगळा काढत होती.

"बसा बाय," त्या म्हणाल्या. "गावला?"

"अजून नाही. मला एक सांगा, तुमचे यजमान पत्ता लिहिल्यावर खाली काही काढायचे का?"

सोनूबाईंचे हात थांबले. "लाट काढीत," त्या म्हणाल्या. "कुटं बी लिवला का खाली लाट. मी इचारी, यो काय? तं म्हनं, आपला सही."

"कल्पिता, हे तू अर्जात लिहिलं होतंस?"

"नाही. ते कशाला लिहीन? आमच्याशिवाय कुणाला माहीतही नाही. त्या लाटेमुळेच तर मी काल फसले. मला वाटलं, आपलाच आहे."

"त्यांच्या हातचं आणखी काही आहे घरात? वही, कागद?"

"काय बी नाय," सोनूबाई म्हणाल्या. "येकच व्हता तो. डोल्यांना दिसत नाय आता, तरी रोज हातान घ्यायची. त्यांचा हात लागलाय ना त्याला. आता ता पन गेला." हे त्यांनी रडून सांगितलं नाही. त्यामुळे जयंतीबाईंना ते जास्त लागलं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "चित्र काढायला त्यांना शिकवलं कुणी?"

"कोन शिकवल? होडींव नाव रंगवीत. मंग येक शेरातला मानूस येवाला लागला, झोलीवाला. दोगं वालूंत बसून काय काय काढीत. मी भाकरी दिलीय त्याला. नाव नाय म्हाईत. मी नवी नवरी, समोर कशी जानार?"

जयंतीबाई काही वेळ वाळूकडे पाहत राहिल्या. त्यांच्या डोक्यात पत्रांची वर्गवारी लागत होती, एकेक पत्र आपापल्या खणात पडत होतं. रात्रभर जे अडलं होतं ते एका म्हातारीच्या एका वाक्यानं सुटलं.

"चला," त्या उठत म्हणाल्या. "दोघीही चला. मेट्रोनं अर्ध्या तासात घाटकोपर."

"तिथे कोण आहे?" कल्पितानं विचारलं.

"तुझ्या आजीचा लिफाफा आहे."

५

दार रेवतीनं उघडलं. जयंतीबाईंच्या मागे त्या दोघींना पाहून ती दारातच उभी राहिली.

"बाबांना बरं नाही. पाचला कार्यक्रम आहे, त्यांना विश्रांती घेऊ द्या."

"घेऊ दे की. मला तुझ्याशीच बोलायचंय," असं म्हणत जयंतीबाई आत शिरल्या. पोस्टातल्या बाईला दारात अडवणं अवघडच असतं.

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आरामखुर्चीत भाऊ बसले होते. अंगावर शाल, डोळे मिटलेले. भिंतीवर त्या तिकिटाचं मोठं केलेलं चित्र होतं. सोनूबाईंना ते धूसर दिसलं असावं. त्या तिकडे वळल्या आणि उभ्याच राहिल्या.

"रेवती," जयंतीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी काल रात्री एकच गोष्ट घोळवत होते. ज्यानं लिफाफा बनवला, त्यानं बारकं तिकीट का नाही लावलं? ते काही दुर्मिळ नाही, ढिगानं मिळतं. लावलं नाही, कारण त्याला ते ठाऊकच नव्हतं. म्हणजे बनवताना मूळ लिफाफा त्याच्यासमोर नव्हता. यज्ञेशनं चोरून पाकीट उघडलं असतं तर त्याला दोन तिकिटं दिसली असती, त्यानं दोन लावली असती. मुकुलनंही तेच केलं असतं. कल्पितानं तर तो लिफाफा जन्मापासून पाहिलाय. म्हणजे ज्यांच्याकडे भरपूर वेळ होता ते सगळे सुटले. उरला तो माणूस, ज्यानं नुसता अर्ज वाचून लिफाफा आधीच घरी तयार केला आणि वेळ आल्यावर फक्त अदलाबदल केली. त्याला अर्धा तास कशाला, अर्धं मिनिट पुरे."

"हे नुसते तर्क आहेत," रेवती म्हणाली.

"आहेत. पण त्या माणसानं पत्त्याखाली लाट काढली. ती अर्जात नाही. मूळ लिफाफा पाहिला नाही, तरी चंदरचं अक्षर त्याला येतं, चंदरची लाट येते. कशी? त्याच्याकडे चंदरनं लिहिलेलं दुसरं काहीतरी असणार. नोव्हेंबरच्या आधीचं असणार, म्हणून त्यावर एकच तिकीट. वेसाव्यात चंदरच्या घरात तर असं काही नाही. मग जगात आणखी कुणाच्या घरी असेल? चंदर ज्याच्या शेजारी वाळूत बसून चित्रं काढायचा, त्याच्या."

"माझे बाबा कुठल्या चंदरला ओळखत नाहीत," रेवती म्हणाली. ती हे वडिलांकडे न बघता म्हणाली.

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग आरामखुर्चीतून आवाज आला, बारीक पण स्वच्छ.

"रेवती, ती तीन कार्डं आण," भाऊ म्हणाले. "आणि काय केलंयस ते मला सांग."

६

रेवती आत गेली आणि बऱ्याच वेळानं आली. तिच्या एका हातात तीन पिवळी पडलेली पोस्टकार्डं होती आणि दुसऱ्या हातात, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये जपून ठेवलेला, लिफाफा.

"मी तो फाडणार नव्हते," ती म्हणाली. "सोमवारी परत ठेवणार होते. बाबांचं आयुष्य जाहिरातींची चित्रं काढण्यात गेलं, त्यातलं एकही कुणाला आठवत नाही. या एका तिकिटासाठी कुणीतरी त्यांना बोलावलं होतं. मला तेवढी एक संध्याकाळ हवी होती."

"आणि सोमवारपर्यंत या मुलीचं नाव गेलं असतं त्याचं काय?" जयंतीबाईंनी विचारलं. "काल तिला बनावट म्हणाले तेव्हा तू तिथेच होतीस, अगं. मागचं चित्र कुठे म्हणून तूच विचारलंस."

रेवती खाली बघत राहिली. मग पुढे होऊन तिनं लिफाफा सोनूबाईंच्या हातात ठेवला.

सोनूबाईंनी आधी तो डोळ्यांशी नेला नाही. अंगठा फिरवला. मोठं तिकीट लागलं, शेजारचं बारकं लागलं. मग उलटा केला आणि पेन्सिलीच्या रेघांवर, त्या पुसतील म्हणून, बोट न टेकवता हात धरला.

"योच," त्या म्हणाल्या.

भाऊ खुर्चीतून उठायला धडपडत होते. कल्पितानं पुढे होऊन त्यांना आधार दिला. आधार दिल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कुणाला आधार देतोय. तरी तिनं हात काढला नाही.

"खात्याच्या यादीत ज्यांची नावं, त्यांचंच चित्र घेत," भाऊ म्हणाले. "माझं होतं, त्याचं नव्हतं. मी किनाऱ्यावर जायचो ते होड्या काढायला. माझ्या होड्या बुडतील अशा असायच्या, तो हसायचा. मग त्यानंच एका पुठ्ठ्यावर काढून दिली. मी रंग भरले, अक्षरं मांडली, माझ्या नावानं पाठवली. निवडली गेली. मी म्हटलं, सांगू नंतर. मग माहितीपत्रक छापून आलं. त्यानं ही तीन कार्डं पाठवली. एकातही शिवी नाही. शेवटच्यात विचारलंय, भाऊ, माझं नाव राहून गेलं का? मी उत्तर दिलं नाही. पुढे कळलं की होडी गेली. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं. त्रेपन्न वर्षं झाली. ते सुटल्यासारखं वाटणं काही अंगावरून गेलं नाही."

रेवती रडत होती. बापाचं नाव जपायला निघाली आणि तेच तिच्या हातानं उघड्यावर आलं, ही तिची शिक्षा होती. जयंतीबाईंना तिची दया आली, तरी त्यांनी तिला जवळ घेतलं नाही.

"मुकुलला फोन लाव," त्या म्हणाल्या. "चौकट चौदामध्ये काय झालं ते तुझ्या तोंडानं सांग. आणि कल्पिताची माफी सगळ्यांसमोर माग."

"ती मागेल," भाऊ म्हणाले. "मी पाच वाजता येणार आहे. शाल घ्यायला नाही. होडी कुणी काढली ते सांगायला." मग ते सोनूबाईंकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "वहिनी, तुमच्या हातची भाकरी खाल्ली होती मी. मला क्षमा करा असं म्हणायचं तोंड नाही. तुम्ही म्हणाल ते करीन."

कल्पिताला वाटलं, आजी आता बोलेल. कोळीवाड्यात सोनूबाईंच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. पण त्यांनी हातानं चाचपडत एक स्टूल शोधलं, ते भाऊंच्या खुर्चीजवळ ओढलं आणि त्यावर बसल्या.

"माफीचा नंतर बगू," त्या म्हणाल्या. "तुमी त्यांना बगलाव. त्यांच्यासंगं बसलाव. मना त्यांचे संगं येक वरीस गावला, त्यांतलाबी आरदा ते दर्यावं. सासू गेली, दीर गेला, त्यांना वलखनारा कोन र्‍हायला नाय. पोराला बापाचा काय सांगू, मनाच म्हाईत नाय. ती होडी काडीत तवा ते काय बोलत व्हते?"

भाऊंनी डोळे मिटले. जयंतीबाईंना वाटलं त्यांना आठवणार नाही, इतक्या वर्षांनी कुणाला आठवतं? पण माणूस जे विसरायचा प्रयत्न करतो ते पक्कं राहतं.

"मी त्याला विचारलं, ही होडी कुठे निघालीय?" भाऊ म्हणाले. "तर म्हणाला, निघालेली नाही, परत येतेय. मी म्हटलं, मग समोर किनारा दाखव. तर म्हणाला, किनारा कशाला, सोनू उभी असते तिथे. तिला काढता येत नाही मला, म्हणून बाहेर ठेवलीय."

सोनूबाईंनी लिफाफा पदराखाली घेतला. मग त्यांनी स्टूल आणखी थोडं पुढे सरकवलं.

"आनी?" त्या म्हणाल्या.

भाऊ सांगत राहिले.